हलू नका

अर्धा कान.

कोटाचं बटण, आणि बटणाखाली ओल लागून झालेलं एक बेट.

लहान मुलीचा हात. चार बोटं आहेत, पाचवं सापडत नाही.

भिंत, की आभाळ?

कॉम्प्युटरच्या पडद्यावर पडदाभर मोठं केलं की कुठलंही कुटुंब असंच दिसतं. फोटोवाल्याला त्याची सवय होती. आठवडाभर तो एका खराब झालेल्या जुन्या फोटोतल्या या चौघांचे तुकडे जुळवत बसला होता. आई, वडील, मुलगी, आणि मधे खुर्चीत उशीला टेकवून बसवलेलं दीड वर्षांचं पोर. जुना कॅमेरा, अंधारी खोली. फोटो निघेपर्यंत सगळीच जराजरा डुललेली. बापाला दोन दोन मिश्या, आईला तिसरा डोळा फुटल्यासारखा. पोराचा चेहरा मात्र सुईने कोरल्यासारखा स्वच्छ. पापण्या तेवढ्या मिटलेल्या.

त्यातली मुलगी आता साठीला आली होती. फोटो घेऊन आली ती तीच. भाऊ त्यानंतर लगेच तापाने गेला, असं तिने सांगितलं होतं. ऐन फोटोच्या वेळी झोप लागली म्हणे लबाडाला. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालंय, तिला एकदा तरी तो जागा दिसू दे. डोळे आणायचे कुठून, असं फोटोवाल्याने विचारलं, तर तिने फोटोतल्या फ्रॉकवाल्या पोरीवर बोट ठेवलं.

"माझे घ्या की. सख्खी बहीण आहे."

आज ती आईला घेऊन आली. म्हातारीने काळा चष्मा काढून मुलीकडे दिला आणि पडद्यासमोर बसली. आधी तिने नवऱ्याला न्याहाळलं. यांच्या मिश्या एवढ्या नीटनेटक्या जन्मात नव्हत्या, म्हणाली. मुलगी हसली. फोटोवालाही खुलला.

मग म्हातारीची नजर खुर्चीवर आली आणि तिथेच राहिली.

ही शांतता फोटोवाल्याच्या ओळखीची होती. या स्टुलावर बसून पुष्कळ लोक रडून जातात. अशा वेळी आपण काहीतरी हलकंफुलकं बोलावं, हा त्याचा शिरस्ता.

"आजी, हलू नका म्हटल्यावर तुम्ही तिघंही हललात बघा. एकटा हाच काय तो नीट बसलाय. याचा चेहरा मला जुळवावाच लागला नाही. फार गुणी पोर."

"डोळे कुणी उघडले?" म्हातारीने विचारलं.

"मी," तो म्हणाला. त्यात थोडी ऐट होती.

"मिटवा."

मुलगी तिच्या कानाशी वाकली. झोपला होता ना गं तो, तूच तर सांगायचीस, असं काहीसं पुटपुटली.

"चार वर्षांच्या पोरीला दुसरं काय सांगणार होते मी?" म्हातारी तिच्याकडे न बघता म्हणाली. मग फोटोवाल्याला म्हणाली, "त्या दिवशी पहाटे मी मिटवले होते. या हाताने. मिटवा ते."

फोटोवाल्याने घाईने माउस धरला. एक कळ दाबायची होती, बस. ती कुठली, तेच त्याला आठवेना.

तोवर म्हातारी पुढे सरकली होती. दोन बोटं तिने पडद्यावर टेकवली आणि वरून खाली ओढली, अगदी हलक्या हाताने. पुन्हा एकदा ओढली. काचेवर दोन पुसट रेघा उमटल्या. त्यांच्या मागून मुलीचे चार वर्षांचे डोळे तिच्याकडे टकामका बघत राहिले.

तो जिवंत असताना त्याचा एकही फोटो काढलेला नव्हता.