सरांच्या गोळ्या

पोलादपूरचे खातू सर फिटच्या गोळ्या आणायला दर महिन्याला एसटीने महाडला जात. गावातल्या मेडिकलमध्ये ती चिठ्ठी दाखवायची म्हणजे पंचक्रोशीत दवंडीच.

या खेपेला डॉक्टर खुशीत होते. "सर, आम्ही बऱ्याच डॉक्टरांनी मिळून हजारो पेशंटची माहिती कॉम्प्युटरवर गोळा केली होती ना, तिचा उपयोग झाला बघा. तुम्ही घेता त्याच गोळीने पोटातल्या बाळाला व्यंग येऊ शकतं, असं निघालं. ती घेणाऱ्या माझ्याकडच्या सगळ्या मुलींना बोलावून मी गोळी बदलून दिली."

सरांच्या कपाळावर घाम आला.

"अहो, तुम्ही कशाला घाबरता? तुम्हाला कुठं बाळंत व्हायचंय!" डॉक्टर हसले. पडद्यापलीकडच्या बाकावरही हशा पिकला. "पेढे इसरू नका हां, सर!" त्यांचाच एक जुना विद्यार्थी तिकडून ओरडला.

"काही विचारायचंय, सर?" डॉक्टरांनी हसू आवरत विचारलं.

सरांनी तोंड उघडलं, एकदा पडद्याकडे पाहिलं. "नाही, काही नाही," म्हणाले आणि गोळ्या पिशवीत टाकून उठले.

घरी त्यांची बायको लेकीच्या डोहाळजेवणाला भोरला न्यायचे लाडू डब्यात भरत होती.



"आणल्यात ना अनूच्या गोळ्या? द्या इकडे, नेहमीसारख्या लाडवांच्या खाली ठेवते. तिच्या सासरी अजून कुणाला काही माहीत नाही."