आग्नेय कोपरा

ड्राय बाल्कनीत शुभदाने नवऱ्याचा हात धरला आणि गॅसच्या पिवळ्या पाइपवर टेकवला. चटका बसताच त्याने तो मागे ओढला.

“कळलं? गिझरचा धुराचा पाइप याला चिकटलाय. आणि लेक आत्ता अंघोळ करून बाहेर आलीये.”

“मी काय करणार? वास्तूवाले म्हणाले, गिझर आग्नेय कोपऱ्यातच हवा.”

“गॅसवाला म्हणाला होता, इथे नको, दोन्ही पाइपांत अंतर ठेवा. त्याला तू दारातूनच घालवलंस. वास्तूवाल्याला मात्र पाटावर बसवून जेवू घातलंस.”

तो बोटांवर फुंकर मारत म्हणाला, “उद्या त्यांना विचारतो.”

तिने गॅसचा कॉक बंद केला.

“विचार. आणि हेही विचार, आग लागल्यावर आम्ही दोघींनी कुठल्या दिशेला पळायचं.”