पदराआडचा कान

"कापला! तुझ्या मावशीनं परत कापला!" जाईबाईंनी मोबाइल गादीवर टाकला. "जयभीम घातला आन् फोन कापला. थोरली म्हणून काय झालं? आता तिच्या सारिकाच्या लग्नाला मी न्हाई जायची."

संघर्षनं लॅपटॉपवरून मान वर केली. तो कोरेगाव भीमाला सुट्टीवर आला होता. कामही मागोमाग आलं होतं. फोन गालाशी आला की एक सेन्सर ते ओळखतो आणि पडदा विझवतो, म्हणजे गालानं बटणं दाबली जात नाहीत. त्या सेन्सरचा ड्रायव्हर, म्हणजे त्याला चालवणारा प्रोग्रॅम, संघर्षनं लिहून फोनच्या कर्नेलमध्ये, म्हणजे पार गाभ्यात, बसवला होता. पुण्याच्या ऑफिसात टाळ्या पडल्या होत्या. चाचणीतला एक फोन त्यानं कौतुकानं आईला दिला होता.

"परत लाव बरं."

"मला काय मान न्हाई व्हय?"

"माझ्यासाठी लाव."

थोरल्या बहिणीशी बोलायचं म्हणून जाईबाईंनी काळा पदर डोक्यावरून कानापर्यंत ओढला आणि नंबर लावून फोन पदरावरूनच कानाला धरला. पडदा लखलखीत चालू राहिला. पलीकडून "जयभीम" आला. नीट ऐकू यावं म्हणून जाईबाईंनी गाल टेकवला. गालाखाली लाल बटण दाबलं गेलं.

"बघितलंस?"

संघर्षनं बघितलं होतं. ऑफिसातल्या चाचणीला आलेले सगळे कान उघडे होते. काळ्या कापडावरून सेन्सरचा उजेड नीट परतत नाही, हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्याच पदराला तोंड पुसत वाढलेल्या संघर्षच्याही नाही.

"आई, मावशीनं न्हाई कापला. मी कापला."

"तू? तू तर हितं बसलायस!"

थोडा उजेड परतला तरी सेन्सरला पुरावा म्हणून त्यानं ड्रायव्हरमधला एक आकडा खाली आणला, सगळं पुन्हा बांधलं, फोनमध्ये भरलं. चहावर साय धरली. मग त्यानंच कवठे येमाईला, सोजरबाई मावशीला, फोन लावून आईच्या हातात दिला. पदराशी जाताच पडदा विझला.

"जयभीम, आक्का."

"जयभीम. का गं, सारखी कापत व्हतीस?" सोजरबाईंचा आवाज खोलीभर ऐकू आला. "म्हटलं, धाकटी लई मोठी झाली."

परत कापला की काय म्हणून जाईबाईंनी घाबरून फोन कानावरून काढून पाहिला, पडदा उजळला. कानाशी नेला, विझला.

"अरं, ह्यो इझतोय की," त्या कुजबुजल्या.

"इझू दे," संघर्ष म्हणाला. "तू बोल."