दोन भजनांच्या मधे

इचोड्यातल्या आपल्या सीडी कॉपी करून देण्याच्या दुकानात सुरेंद्रचा जीव टांगणीला लागला होता. मालनबाईंच्या गेलेल्या नवऱ्याच्या भजनांची एकुलती एक सीडी, तीही तडकलेली, कॉम्प्युटरात घरघरत होती. शेवटचं भजन उतरलं आणि कडकन आवाज झाला. सीडीचे दोन तुकडे.

"भेऊ नका काकू, सारीच्या सारी भजनं उतरली," म्हणत त्यानं पहिलं लावलं. मालनबाई डोळे मिटून डोलू लागल्या. भजन संपत आलं तशा पदर सावरून ताठ बसल्या.

"आता आयक. भजन सरलं का ते मले हाक मारतेत, 'मालन, पानी आन.'"

सुरेंद्रनं चटकन पडद्याकडे पाहिलं. 'गाण्यांमधली जागा कापा' या चौकोनात तो प्रत्येक सीडीला सवयीनं टिक मारत असे; आजही मारली होती.

पहिल्याला लागूनच दुसरं भजन सुरू झालं.