बॅटरी काढल्यावरचा दिवा

"यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही," असं बजावूनच इन्व्हर्टर दुरुस्त करणाऱ्या तात्यांनी दुकानात गोष्टीला तोंड फोडलं. थापाड्या म्हणून त्यांची ख्याती होतीच. पण हातातलं काम तात्यांनी अर्धवट टाकलं, असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं, आणि ते नाव ते जिवापाड जपत.

"बॅटरीचा करंट नाकासमोर चालणारा. इन्व्हर्टर त्याला सेकंदाला पन्नास वेळा पुढं ढकलतो, पन्नास वेळा मागं ओढतो, तेव्हा कुठं घरातला दिवा लागतो. काल मास्तरीणबाईंकडे मी बॅटरीच सोडवली, तरी दिवा जळतोय आपला."

"लाइट आली असेल," शेजारचा शिंपी म्हणाला.

"मेन स्विच मी स्वतः पाडलेला. मग राहवेना, म्हणून वायरीला मीटर लावला. करंट दिव्याकडून इन्व्हर्टरकडे येत होता. मागं-पुढं काही नाही, सरळ एकाच दिशेनं."

"तात्या, थाप फार सैल झाली. जरा आत घ्या."

तात्या हसले नाहीत.

"पुढं काय झालं?" शिंप्यानं हळूच विचारलं.

"काय व्हायचंय? बॅटरी परत जोडली, दिवा विझवला, काम फत्ते." तात्या स्वच्छ पक्कड पुन्हा पुसू लागले.

दारात मास्तरीणबाई येऊन उभ्या होत्या.

"बाकी सगळं खरंय, तात्या. शेवटचं तेवढं खोटं. बॅटरी तुम्ही आमच्या पायरीवर टाकून पळालात. दिवा अजून विझलेला नाही. आणि आता आतल्या खोलीतलाही लागलाय."