हरणीचा पाय

“टेकव! पाय टेकव म्हणतोय न्हवं!”

जयपाल सोप्यात उभा राहून खेकसला. हरणीनं त्याच्याकडं बघितलं, उजवा मागचा पाय पोटाशी आणखी आवळून घेतला आणि तीन पायांवर तशीच उभी राहिली.

“बघ,” तो बायकोला म्हणाला. “तान्ह्या पोरागत उचलून फिरीवलीस हिला. आणि झालं काय? तिवई!”

 त्रिशलानं हरणीच्या तोंडात गुळाचा खडा दिला आणि गोणपाट सारखं केलं.

हरणी शिकारी जातीची कुत्री, अजून पोरगेलीच. लांब तोंडाची, बारीक कमरेची. मुरगूडच्या माळावर कुत्र्यांची शर्यत व्हायची आणि तिथं सयाजीच्या कुत्र्याला मागं टाकायचं, एवढं एकच खूळ जयपालच्या डोक्यात बसलं होतं. गुळाच्या अडतीवर बसूनही त्याला दुसरं काही सुचत नव्हतं. सयाजी चारचौघांत म्हणाला होता, “जयपालशेठ, दूध-भाकरीवरची ही कुत्री न्हवं, गाय हाय गाय!” सगळे खदखदून हसले होते. ते हसणं अजून जयपालच्या कानातून जात नव्हतं.

म्हणून तो तिला शिरोलीच्या रस्त्यावर जीपमागं बांधून पळवायचा. कुत्रीची जीभ लोंबायला लागली तरी जीप थांबायची नाही. एकदा थांबली ती करकचून थांबली आणि हरणी चाकाखाली आली. खुब्याचा सांधा पार मोडला.

“डोळं फुटलं हुतं काय हिचं?” घरी आल्यावर जयपाल म्हणाला. ब्रेक कुणी दाबला ते त्रिशलानंही विचारलं नाही.

जनावरांच्या डॉक्टरांनी ऑपरेशन केलं आणि बजावून सांगितलं, “आधी उड्या नकोत, पायऱ्या नकोत, गुळगुळीत फरशी नको. पोटाखालून टॉवेल घालून बाहेर न्या. टाके सुकले की शेका, पाय हळूहळू मागं-पुढं हलवा. मग रोज टेकवायला लावा. तरुण आहे, नीट केलंत तर पुन्हा पळेल.”

यातलं शेवटचं तेवढं जयपालनं ऐकलं. बाकीचं त्रिशलानं ऐकलं.

सोपाभर गोणपाटं पसरली. चुलीवर वाळू तापायला लागली. तिची पुरचुंडी बांधून त्रिशला तासन् तास हरणीची मांडी शेकत बसायची. जयपाल ते बघून फणफणायचा.

“माझी पाठ दुखती तवा कधी शेकलीस?”

“तुमी गप पडून ऱ्हाता व्हय?”

“कुत्र्यापुढं नवऱ्याची काय किंमत, म्हणा!”

त्यानं स्वतः एकदाही टॉवेल धरला नाही. कुत्र्याला मुतायला न्यायला अडतदार जन्माला येत नसतो, असं त्याचं मत होतं. संध्याकाळी तो दारात चपला काढायचा, खाकरायचा आणि आत येऊन पाय बघायचा. हरणी उठायची. पाय वरच. त्रिशला गुळाचा खडा द्यायची.

“लंगडीला बक्षीस देतीस?”

“दुखतंय वं बिचारीला. तोंड गोड केलं.”

जयपाल थू करून बाहेर जायचा. बाईमाणसाच्या हातात काम दिलं की त्याचा असा चिखल व्हायचाच, हे तो अडतीवर येईल त्याला ऐकवायचा.

शर्यत जवळ आली तशी त्यानं डॉक्टरांना घरी आणलं. त्यांनी हरणीची मांडी बराच वेळ चाचपली. “छान भरलीय की हो मांडी. दुखत पण नाही तिला. का टेकत नाही, कळत नाही. काही जनावरं मनातूनच घाबरतात.”

“मनातनं!” डॉक्टर गेल्यावर जयपाल म्हणाला. “शिकून शिकून हेच शिकलं बेणं. ते काय न्हाय, हिला घालव कुठंतरी. लंगडी कुत्री पोसायला हे पांजरपोळ न्हाय.”

“हातकणंगल्याला ठेवू काय? दादा राखणीला घेतो म्हणालाय.”

“राखणीला! चोर आला तर त्याच्याच खांद्यावर हात टाकून चालंल ही.” आपल्या विनोदावर तोच पोटभर हसला. “चल, आत्ताच सोडतो दोघींनाबी. चार दिवस तूबी ऱ्हा. घरातला वास तरी जाईल.”

मेहुण्याच्या मळ्यात त्यानं हरणीला जीपमधून खाली ढकलली. ती लंगडत त्रिशलामागं गेली. त्रिशलाचा भाऊ अण्णासो चहाला थांबा म्हणाला, पण मळ्यातल्या मेहुण्याचा चहा जयपालला कधीच चालला नव्हता. त्याला नवं पिल्लू बघायला जायचं होतं.

स्टेशनपर्यंत गेल्यावर त्याला आठवलं. पट्टा! पितळी फुल्यांचा, खास करून घेतलेला, कातडी पट्टा त्या तिवईच्या गळ्यातच राहिला होता. शिव्या घालत त्यानं जीप वळवली. ती रस्त्यावर लावून तो पायवाटेनं मळ्यात शिरला.

ऊस तुटून मोकळ्या झालेल्या रानात एक कुत्रं पळत होतं. पळत कसलं, जमिनीला पायच लागत नव्हते त्याचे. ह्या टोकाला दिसेपर्यंत त्या टोकाला. जयपाल जागच्या जागी थिजला. असलं पळणं त्यानं मुरगूडच्या माळावर कधी बघितलं नव्हतं. सयाजीचं कुत्रं ह्याच्या धुळीलासुद्धा लागलं नसतं. गळ्यातल्या पितळी फुल्या उन्हात चमकल्या तेव्हा कुठं त्याच्या डोक्यात प्रकाश पडला.

“हरणे! अगं माझी वाघीण!” आनंदानं त्याचा आवाज फाटला.

हरणी जागीच थबकली. तिनं मान वळवून त्याला बघितलं, कान पाडले आणि घाईघाईनं डावा मागचा पाय पोटाशी उचलला.

“अगं, त्यो न्हवं!” बांधावरनं त्रिशला ओरडली. “उजवा, उजवा!”