फाइलीवरचं कार्ड

“आलीस? सव्वादहा वाजले नि मी म्हटलं, आता येईलच ही!” मॅक्सीनने फाइल काउंटरवर आपटली. “तुझ्यावरून घड्याळ लावावं, लोरीन. दर शुक्रवारी तळघराच्या सोळा पायऱ्या. माझ्या गुडघ्यांनी तुझं काय घोडं मारलंय गं?”

लोरीनचं लक्ष फाइलीवर बांधलेल्या कार्डाकडे होतं.

केल्डर काउंटीच्या कोर्टातली ही जुनी रीत. खटल्याचे कागद जनतेचे. कोणीही यावं, नंबर सांगावा, फाइल मागावी. कशाला हवी, हे विचारायचं नाही. मात्र फाइल उघडायची तर आधी वरच्या कार्डावर नाव, तारीख आणि वेळ लिहायची. मोठ्या शहरांतले कागद कधीच कॉम्प्युटरवर गेले. इथे अजून दोरा आणि पेन्सिल होती, आणि बावीस वर्षं मॅक्सीन होती.

फाइल लोरीनचीच होती. नवऱ्याने, रॉयसने, तिचा जबडा मोडला तेव्हाची. शिक्षा ऐकल्यावर तो भर कोर्टात शांतपणे म्हणाला होता, “सुटलो की पहिला तुझ्याकडे येईन.” जानेवारीत तो सुटला. तोवर लोरीन लेकीला घेऊन शंभर मैलांवर राहायला गेली होती. कुठे, ते आईलाही सांगितलं नव्हतं. कोर्टाला कळवावा लागलेला नवा पत्ता फक्त या फाइलीतल्या एका कागदावर होता, आणि जजच्या हुकमाने त्यावर काळी शाई फासलेली होती.

शाईवर तिचा विश्वास नव्हता. म्हणून ती दर शुक्रवारी कामावरून सुटी घेऊन यायची. आधी कार्ड बघायची. मग तो कागद खिडकीशी धरून उजेडात न्याहाळायची. पहिल्याच दिवशी तिने विचारलं होतं, “माझीच फाइल, मीही सही करायची?”

“नियम सगळ्यांना,” मॅक्सीन म्हणाली होती. नियमाला डोळे नसतात. मॅक्सीनला होते, पण कामाच्या वेळेत ती ते वापरत नसे.

कार्डावर आता चाळीस ओळी होत्या. चाळीस शुक्रवार, सव्वादहा, लोरीन हॅस्केट. दुसरं नाव नव्हतं.

आज मात्र कार्डावर बरंच काही अवलंबून होतं. सात वर्षांच्या पर्लला शाळेच्या पिवळ्या बसने जायचं होतं. सगळी मुलं जातात, मीच का आईच्या गाडीत, मागच्या सीटवर आडवी पडून? पोरीने रडून घर डोक्यावर घेतलं होतं. शेवटी लोरीनने कबूल केलं होतं, या शुक्रवारी कार्ड स्वच्छ निघालं तर सोमवारपासून बस.

तिने ओळींवरून दोनदा नजर फिरवली.

“कोणी आलं होतं का हो या आठवड्यात?”

“वाचता येतं ना तुला? कार्डावर नाही ते झालेलं नाही.”

लोरीनने एकेचाळिसावी सही केली. कागद उजेडात धरला. शाई होती तशीच दाट होती. तिने फाइल मिटली आणि एकदम हसली. मॅक्सीनने तिला हसताना कधी पाहिलं नव्हतं. मोडलेल्या जबड्यामुळे ते हसू जरा वाकडंच होतं.

“मॅक्सीन, आता नाही यायची मी. हा शेवटचा शुक्रवार. सुटले मी!”

“तू कसली, मी सुटले!” मॅक्सीन म्हणाली. “जा, पोरीला केक खाऊ घाल. भोपळ्याचा.”

लोरीन जवळजवळ पळतच बाहेर गेली. बिचारीला वाटलं असेल, नऊ-दहा महिन्यांची साडेसाती संपली.

शेजारच्या टेबलावरची डेलोरिस इतका वेळ स्टॅपलर दुरुस्त करत होती. तिने मान वर केली. “अगं, काल दुपारी याच फाइलीसाठी एक माणूस आला होता ना? उंचसा, टोपीवाला? त्याचं नाव कसं नाही कार्डावर?”

“फाइल उघडली तर नाव! त्याने उघडलीच नाही. मी पेन्सिल पुढे केली, तर म्हणाला, थांबा, आधी हे बघतो. कार्डावरून वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं, मला थँक्यू म्हणाला नि गेला. एक मिनिटही लागलं नसेल.”

“मग सांगायचं ना तिला!”

“काय सांगायचं? कार्ड बघणं नियमात बसतं. आणि इतका सभ्य माणूस! कार्ड हातात घ्यायच्या आधी टोपी काढली त्याने. नाहीतर आपले लोक.”

डेलोरिस खिडकीशी गेली. खाली लोरीनची छोटी निळी गाडी आवारातून बाहेर पडत होती. खिडक्या उघड्या होत्या आणि आत रेडिओ मोठ्याने चालू होता. तिच्या मागोमाग एक करडा पिकअप निघाला.

“मॅक्सीन, तो करडा पिकअप कुणाचा गं?”

“त्याचाच. सकाळी आठला मी आले तेव्हापासून बसून होता. गारठा किती, म्हणून मी आपली काचेवर टकटक करून म्हटलं, आत चला, कॉफी देते,” मॅक्सीन फाइलीचा दोरा आवळत म्हणाली. “तर म्हणाला, नको मॅडम, सव्वादहालाच काम आहे.”